पॉल स्कीन्सला पायरेट्सनी आत्ताच दीर्घ करारात बांधावं का?

अलेगेनी_काठ

पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा), २०२३ च्या ड्राफ्टमधला (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो) पहिला खेळाडू. ११ मे २०२४ ला पदार्पण, त्याच वर्षी नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवोदित. २०२५ मध्ये ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावा) १.९७, २१६ स्ट्राइकआउट आणि एकमताने साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार. तरीही विजय १०, पराभव १०, कारण त्याच्या मागे धावाच होत नाहीत. २०२५ चा पगार पावणेनऊ लाख डॉलर.

पायरेट्सचा २०२५ पर्यंतचा सर्वांत मोठा करार ब्रायन रेनल्ड्सचा होता, ८ वर्षं आणि १० कोटी ६७.५ लाख डॉलर. स्कीन्ससाठी त्याच्या कितीतरी पुढे जावं लागणार. मग आत्ता मोठा आकडा पुढे करावा, की दरवर्षीचा पगार ठरवत २०२९ पर्यंत जावं? करार करायचाच तर किती वर्षांचा? पिचरच्या कोपराचा भरवसा नसतो, तो धोका आकड्यात कसा धरायचा? "कराच" किंवा "विकून टाका" एवढंच नको, हिशेब मांडून सांगा.

सहा_वर्षांचा_हिशेब

आधी ताबा कुणाचा आणि कधीपर्यंत ते पाहू. आयपीएलमध्ये ठरावीक वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि संघ नव्याने बसतात. इथे तसं नाही. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू त्याच संघाचा असतो. १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात. स्कीन्सला मे महिन्यात मेजर लीगमध्ये आणलं, म्हणजे २०२४ चं वर्ष अपुरं राहायला हवं होतं. पण रूकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या खेळाडूला पूर्ण वर्ष मिळतं, असा नियम २०२२ च्या सामूहिक करारात (मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या) आला. त्यामुळे तो २०३० ऐवजी २०२९ च्या हंगामानंतर फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा होतो. वर हंगामाच्या सुरुवातीपासून संघात ठेवला नसल्याने पायरेट्सना जादा ड्राफ्ट पिकही (निवडीची संधी) मिळालं नाही. उशिरा आणून त्यांनी काहीच वाचवलं नाही.

आता हातात चार हंगाम. २०२६ ला किमान पगार ७.८ लाख, त्याला त्याहून थोडा जास्त मिळेल. २०२७, २८ आणि २९ ही आर्बिट्रेशनची (पगाराच्या लवादाची) वर्षं. संघ एक आकडा देतो, खेळाडू एक देतो, आणि सुनावणी झाली तर पॅनेल त्या दोनांतला एकच उचलतं, मधला काढत नाही. पुढच्या वर्षीचा आकडा आधीच्या पगारावर चढतो, म्हणून पहिलं वर्ष सर्वांत महत्त्वाचं.

माझा अंदाज असा: २०२६ ला १० लाख, मग १.८ कोटी, २.६ कोटी, ३.४ कोटी. चार वर्षांचे ७.९ कोटी. त्यापुढे फ्री एजन्सीची तीन वर्षं, २०३० ते २०३२, प्रत्येकी ४.२ कोटी धरली तर १२.६ कोटी. एकूण २०.५ कोटी. दुखापतीची जोखीम आज संघ उचलतो, म्हणून १५ टक्के सूट मागता येते. म्हणजे सात वर्षांचे साधारण १७.५ कोटी डॉलर. मी असतो तर हाच आकडा घेऊन बसलो असतो.

कोपर_आणि_खांदा

सात वर्षं पटली, ४.२ कोटी पटले नाहीत. पिचर गॅरेट क्रोशेने एप्रिल २०२५ मध्ये रेड सॉक्सबरोबर ६ वर्षांचे १७ कोटी घेतले. त्यात आर्बिट्रेशनचं वर्ष एकच, बाकी पाच फ्री एजन्सीची. वर्षाची सरासरी २.८३ कोटी. स्कीन्स त्याच्यापेक्षा सरस आहे हे मान्य, तरी ३.८ कोटीच्या वर जाऊ नये. मग बेरीज १९.३ कोटी आणि सूट धरून १६.४ कोटी होते.

मुख्य मुद्दा वयाचा. स्कीन्सचा जन्म २९ मे २००२ चा. २०३२ चा हंगाम सुरू होताना तो २९ वर्षांचा असेल. करार तिथेच थांबवावा. बॅटरसाठी कॅन्सस सिटी रॉयल्सनी बॉबी विट ज्युनियरला ११ वर्षांचे २८.८८ कोटी दिले, पाड्रेसनी टाटीसला १४ वर्षांचे ३४ कोटी. बॅटरचं मनगट मोडलं तरी तो परत येऊन बहुधा तसाच खेळतो. सरासरी ताशी ९८ मैलांच्या आसपास चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या कोपराचा लिगामेंट गेला तर तो नव्याने बसवण्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया, आणि १२ ते १८ महिने बाहेर. परतल्यावर वेग तोच राहील याची हमी नाही.

पिचर स्पेन्सर स्ट्रायडरचा करार नीट पाहा, कारण धोका आकड्यात कसा धरायचा याचं उत्तर तिथे आहे. ब्रेव्ह्सनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ६ वर्षांचे ७.५ कोटी दिले. पहिली दोन वर्षं १०-१० लाख, २०२५ ला ४० लाख, २०२६ ला २ कोटी, मग दोनदा २.२ कोटी, आणि त्याला २०२९ ला ठेवून घेण्याचा पर्याय संघाने नाकारला तर ५० लाख. एप्रिल २०२४ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. तो हंगाम बुडाला, पण पगारात गेले फक्त १० लाख. मात्र महाग वर्षं २०२६ पासूनची आहेत आणि खरी कसोटी त्यांचीच. स्कीन्सच्या करारातही २०२६ स्वस्त ठेवता येईल, पण २०२७ पासून तसं काही लपवायला जागा नाही.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. पिचरचा हप्ता महाग असतो, कंपनी सगळी वर्षं एकदम घेत नाही, आणि आधी दुखावलेला अवयव बहुतेकदा वगळते.

उजव्या_हाताचा

तुम्ही दोघांनी संघाच्या बाजूने मांडलंत. खेळाडू सही का करेल?

ब्रेव्ह्सचा बॅटर रोनाल्ड अकुन्या २०१४ मध्ये १ लाख डॉलरवर करारबद्ध झाला होता. २०१९ मध्ये त्याच्यासमोर १० कोटी आले आणि त्याने ८ वर्षांची सही केली, शिवाय पुढच्या दोन वर्षांसाठी संघाला प्रत्येकी १.७ कोटीत ठेवून घेण्याचे पर्याय दिले. स्कीन्सला ड्राफ्टलाच ९२ लाखांचा बोनस मिळाला. वर आर्बिट्रेशनआधीच्या खेळाडूंसाठी जो ५ कोटींचा बोनस निधी आहे, त्यातून २०२५ चे ३४ लाखांहून अधिक. घर सावरायची त्याला घाई नाही. १५ टक्के सूट तो सहज देईल असं धरू नका.

आणि त्याच्या डोळ्यासमोर पिचर गेरिट कोल आहे. तोही पायरेट्सचाच, तोही पहिला पिक, २०११ चा. जानेवारी २०१८ मध्ये त्याला ॲस्ट्रोसकडे पाठवलं आणि डिसेंबर २०१९ मध्ये यँकीजने ९ वर्षांचे ३२.४ कोटी दिले. उलट उदाहरणही याच शहरातलं: पायरेट्सच्या अँड्र्यू मॅकचनने मार्च २०१२ मध्ये ६ वर्षांचे ५.१५ कोटी घेतले आणि २०१३ ला एमव्हीपी (लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू) झाला. तो करार संघासाठी सोनं ठरला आणि पायरेट्स २०१३ ते २०१५ सलग तीन वर्षं प्लेऑफला गेले.

म्हणून स्कीन्स ऑप्ट-आउट (मध्येच करार सोडून जाण्याची मुभा) मागणार. तो देऊ नये. चांगला खेळला तर निघून जाईल, हात गेला तर पैसे घेऊन राहील. पिचरच्या बाबतीत ही एकतर्फी सोय फारच महाग पडते. त्याऐवजी चढते आकडे ठेवा: साय यंगच्या मतदानात पहिल्या तिघांत आला की २०३० ते ३२ चा पगार ठरावीक रकमेने वाढेल. हात शाबूत राहिला तर त्याला ४.२ कोटी मिळतील, नाही राहिला तर संघाला ३.४ मध्ये सुटका. वरच्या दोन अंदाजांतला वाद इथे मिटतो.

दुसरं म्हणजे साइनिंग बोनस (करारावर सही केल्याबद्दलची रक्कम). २०२२ चा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मागच्या वेळी लॉकआउट (मालकांनी केलेली टाळेबंदी) ९९ दिवस चालला, सामने मात्र वाचले. या वेळी सामने बुडाले तर त्या दिवसांचा पगार मिळत नाही, पण ठरलेला साइनिंग बोनस मिळतो. कोणताही शहाणा एजंट २०२७ चा मोठा भाग बोनसमध्ये टाकायला सांगेल. पायरेट्सनी ते मान्य करावं. त्यांना एकूण रक्कम तीच पडते आणि सहीची शक्यता वाढते.

अलेगेनी_काठ

हे उपयोगी आहे. वेळेचं काय? २०२६ चा हंगाम पाहून ठरवलं तर?

सहा_वर्षांचा_हिशेब

मग उशीर झाला. पुढच्या हिवाळ्यात पहिला आर्बिट्रेशन आकडा समोर येईल आणि सूट आपोआप आटेल. सही सुरुवातीच्या सामन्याआधी व्हावी, आधी कोपर आणि खांद्याचा एमआरआय करून. स्वस्तात गेलेल्याचं उदाहरण हवं तर फिलीजचा पिचर क्रिस्टोफर सांचेझ: जून २०२४ मध्ये ४ वर्षांचे २.२५ कोटी, आणि २०२५ च्या साय यंग मतदानात तो स्कीन्सच्या मागे दुसरा.

कोपर_आणि_खांदा

एक भर. बोलणी फिसकटली तर लगेच विकायला काढू नका. २०२७ च्या जुलैपर्यंत त्याच्यावर अडीच हंगामांचा ताबा शिल्लक असेल, आणि तेवढ्या ताब्याला कोणताही संघ आपले सर्वांत चांगले तरुण खेळाडू देईल. २०२८ च्या जुलैनंतर किंमत झपाट्याने पडते.