आयईपीतला (दिव्यांग मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यातला) ‘सद्यस्थिती’चा रकाना: नेमकं काय लिहायचं?

खडूडस्टर
जिल्हा परिषद शाळा, चौथीतला मुलगा, सौम्य बौद्धिक अक्षमता. आयईपीत सद्यस्थितीखाली लिहिलंय: ‘वाचन कच्चे. गणितात मागे. लक्ष देत नाही. स्वभाव प्रेमळ.’ गेल्या वर्षीही शब्दशः हेच होतं. यातून ‘वाचनात सुधारणा होईल’ एवढंच उद्दिष्ट निघतं. एफएसीपी (बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला काय काय जमतं ते तपासायची यादी) भरून झाली आहे. तिचे टक्के तसेच उतरवले तर चालेल का? रकाना चार ओळींचा आहे, हेही लक्षात घ्या.

कानामात्रा
नुसते टक्के नकोत. एफएसीपीच्या शैक्षणिक भागात ५५ टक्के मिळालेली दोन मुलं घ्या. एकाला स्वतःचं नाव लिहिता येतं पण नाणी ओळखता येत नाहीत, दुसऱ्याचं नेमकं उलटं. टक्क्यांचा उपयोग मुलाला पुढच्या गटाच्या तपासणी यादीवर न्यायचं का, हे ठरवायला. आयईपीसाठी त्याच यादीतल्या अधल्यामधल्या खुणा काढा: खुणावल्यावर जमतं, तोंडी सांगितल्यावर जमतं, हात धरून करवून घ्यावं लागतं. पुढच्या तीन महिन्यांचं काम तिथेच असतं. यूडीआयडीवरचा (दिव्यांग ओळखपत्रावरचा) अक्षमतेचा टक्काही इथे नको. तो सवलतींसाठी, उद्या वर्गात काय शिकवायचं ते त्यावरून कळत नाही.

वाचन असं मोजा. दुसरीच्या पातळीचे, मुलाने न पाहिलेले ६०-७० शब्दांचे तीन उतारे. पुस्तकातला झालेला धडा देऊ नका, कारण बरीच मुलं चित्र बघून पाठ म्हणतात आणि ते वाचनच वाटतं. तीन दिवस, रोज एक उतारा, एक मिनिट. बरोबर वाचलेले शब्द मोजायचे आणि तीन आकड्यांतला मधला घ्यायचा. २४, १५, १६ आले तर १६. सरासरी काढली तर एका चांगल्या दिवसामुळे आकडा फुगतो. मग लिहायचं:

‘दुसरीच्या पातळीचा नवा उतारा: मिनिटाला १६ शब्द बरोबर. काना-वेलांटीचे शब्द वाचतो. जोडाक्षरी शब्द १० पैकी २. घ-ध, भ-म यांत गोंधळ. उतारा वाचून दाखवल्यास ५ पैकी ४ प्रश्नांची तोंडी उत्तरे देतो.’

शेवटचं वाक्य गाळू नका. मुलाला समजतं, अडतंय ते अक्षरांशी, हे तेवढ्यावरून कळतं. तसं असेल तर परिसर अभ्यासाचा धडा ऐकवून तोंडी उत्तरं घेता येतात. निपुण भारतमध्ये (पायाभूत वाचन-गणिताचं केंद्र सरकारचं अभियान) तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अपेक्षित आहेत. तो आकडा शेजारी लिहा हवं तर, पण वर्षाचं उद्दिष्ट १६ पासून मोजा, ६० पासून उलटं नको.

पाढेवाचक
गणिताबद्दल. ‘मागे’ म्हणजे कुठे? वजाबाकीची आठ-दहा उदाहरणं द्या आणि गुणांऐवजी चुका वाचा. ४२ – १७ चं उत्तर ३५ आलं, तर मुलगा प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान वजा करतोय. दशक सोडवायचं त्याला माहीतच नाही. दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या देऊन तेच उदाहरण पुन्हा घ्या. काड्यांनी जमलं तर तसं लिहा: ‘काड्यांच्या मदतीने ५ पैकी ४, नुसत्या अंकांत ५ पैकी ०.’

संख्यालेखनात मराठीची स्वतःची गोम आहे. ‘सदतीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो, म्हणून मूल ७३ लिहितं. ‘एकोणचाळीस’ला ४९ लिहितं, कारण कानावर चाळीस पडतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘तीस सात’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला. तपासणीला मात्र ती फार कामाची आहे. एकच संख्या दोन्ही प्रकारे सांगा. ‘तीस सात’ला ३७ आणि ‘सदतीस’ला ७३ आलं, तर स्थानिक किंमत पक्की आहे, संख्यानाम कच्चं आहे. ‘अंकांची उलटापालट करतो’ एवढंच लिहिलंत तर हा फरक गेला, आणि मुलगा वर्षभर दशक-एकक गिरवत बसेल.

मधलीसुट्टी
‘लक्ष देत नाही’ खोडा. २० मिनिटं मागे बसा, दर मिनिटाला एकदा बघा: त्या क्षणी काम चालू आहे का? होय/नाही. शेजारच्या मुलाचीही तशीच नोंद घ्या. याचे २० पैकी ७ आणि शेजाऱ्याचे ९ आले, तर दोष तासात आहे. त्यावेळी कोणतं काम चालू होतं तेही लिहा. फळ्यावरून उतरवताना ५ आणि गटात काड्या मोजताना १६ असं सर्रास दिसतं. फळ्यापाशीच अडत असेल तर आधी नजर तपासून घ्या. चष्मा किंवा श्रवणयंत्र असेल तर मोजणीच्या दिवशी ते वापरात होतं का, याची नोंद हवीच.

‘प्रेमळ’ला माझा विरोध नाही, पण त्यावर काही उभं राहत नाही. ‘जोडीदाराबरोबर १५ मिनिटं काम करतो, वस्तू वाटून घेतो’ असं लिहिलं की जोडीवाचन कसं लावायचं ते सुचतं.

खडूडस्टर
कच्चा मजकूर असा जमलाय: ‘४ मिमी उंचीच्या अक्षरांत न पाहिलेले १० शब्द दिल्यास ६ वाचतो. संख्या ५० पर्यंत लिहितो. शौचालयाला जाताना मदत लागते.’ बरोबर?

कानामात्रा
पहिलं ठीक, फक्त ते दहा शब्द कसले (साधे, काना-मात्रांचे, जोडाक्षरी) ते जोडा. दुसऱ्यात ‘बघून’ की ‘ऐकून’? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्यात मदत कशाची? शौचालयाला जाणं म्हणजे सांगणं, नाडी सोडणं, पाणी घेणं, धुणं, नाडी बांधणं, हात धुणं. बहुतेकदा अडकतं एकाच पायरीवर, आणि घरी इलॅस्टिकची चड्डी असेल तर आई सांगते ‘सगळं स्वतः करतो’. आई आणि शिक्षक दोघंही खरं बोलत असतात. पायरी लिहा, मदतीचा प्रकार लिहा, घरचं आणि शाळेचं वेगळं लिहा.

चार ओळींत बसणार नाही. रकान्यात ‘सोबतचे पान पाहा’ लिहून पान जोडा, त्यावर मोजणीच्या तारखा टाका. तारीख नसली की पुढच्या वर्षी कुणीतरी तेच पान पुन्हा उतरवतं.