सहावीची पोरं धडा वाचतात पण गोष्ट कळत नाही, काय करू?

खडूवाली:
झेडपीच्या शाळेत सहावीला मराठी शिकवते, वर्गात २८ पोरं. प्रकटवाचनाला उभं केलं की निम्मी अडखळतात आणि जी धडाधड वाचतात त्यांना विचारलं की त्या माणसानं असं का केलं रे, तर पुस्तकातलंच वाक्य परत म्हणून दाखवतात. शब्दार्थ वहीत उतरवलेत, पाठही आहेत, पण वाक्यात वापर म्हटलं की सगळे गप्प. त्यात घटक चाचणी तोंडावर आलीये. परत बाराखडीपासून सुरू करू का?

डोंगरवाट:
ताई, सरसकट बाराखडी नका घेऊ, या वयाच्या पोरांना लाज वाटते आणि ती अजूनच तोंड मिटून बसतात. आधी एकेकाला बाजूला घेऊन 'असर' या शिक्षण पाहणीतली वाचन चाचणी घ्या, अक्षर-शब्द-परिच्छेद-गोष्ट असे टप्पे आहेत, मराठीतली नेटवर फुकट मिळते. त्यातली गोष्ट दुसरीच्या पातळीची असते, त्यामुळे तिथंच कोण अडकतंय ते लगेच दिसतं.

आणि नेमकं कशावर अडकतात ते लिहून ठेवा. माझ्या अनुभवात एकतर जोडाक्षरं, नाहीतर प्रत्यय लागून लांबलेले शब्द. 'शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून' बघितलं की पोरगं घाबरतं आणि अंदाजे काहीतरी ठोकून देतं. बोटानं शेपूट झाकायचं, आधी 'शेजाऱ्या' वाचून घ्यायचं, मग पुढचं उघडत जायचं. र चे प्रकार पण एकदा फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, सूर्य, चक्र, ट्रक, वाऱ्या. बरेच जण तिथंच धडपडतात.

रविवार_सकाळ:
वरचं बरोबर, पण सराव कसा घ्यायचा तेही सांगतो. रोज नवा उतारा नको. दहा-बारा ओळींचा सोपा तुकडा, आधी तुम्ही नीट चढउतार करून वाचायचा, मग तोच तुकडा पोरांनी तीन-चारदा. मोबाईलवर मिनिट लावून किती शब्द बरोबर आले ते मोजा, आकडा वाढला की पोरं जाम खूष होतात. तुकड्यांसाठी बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक बघा, ऑनलाइन आहेत.

पाटीपेन्सिल:
मिनिट लावण्याला माझा विरोध 🙏 लावायचंच तर एकट्यात लावा, वर्गासमोर नको. नाहीतर ताई म्हणतायत तसली धडाधड पोरं अजून तयार होतील, स्वल्पविराम गिळणारी.

आमच्याकडे नंदुरबारच्या धडगावला पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. गोष्ट वाचून झाली की मी आधी पावरीतच बोलू देते, मग मराठीत. नुसतं मराठीत विचारलं तर गप्प बसणारं पोरगं पावरीत भांडून सांगतं की वाघ कसा चुकला. म्हणजे गोष्ट कळलेली असते, सांगायला मराठी अपुरं पडतं, हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत.

प्रश्न पण धडा संपल्यावर नका विचारू, मधेच थांबून विचारा, आता ही काय करेल, कशावरून वाटतं? आणि गोष्ट माहितीतली नको. भोपळ्यातली म्हातारी दिली तर न वाचताच सगळी उत्तरं येतात 😄

शब्दांचं म्हणाल तर एका धड्याला पाच-सहाच घ्या, परत परत भेटणारे. 'ओशाळला' घेतलं तर अर्थ उतरवून न देता विचारायचं, तू कधी ओशाळलास? एकाचं ऐकून दुसरा सांगतो. 'मान' घेतला की अपमान, सन्मान, मानधन, अभिमान पण ओढून आणायचे.

खडूवाली:
ते मानधनचं उद्याच करते 😀 एक शंका, जोडीवाचनात हुशार पोराला सगळ्यात कच्च्यासोबत बसवू का?

रविवार_सकाळ:
नको, हुशार कंटाळतं आणि कच्चं दबतं. वाचनानुसार यादी लावा, मधोमध तोडा, मग पहिला पंधराव्यासोबत, दुसरा सोळाव्यासोबत असं. फरक राहतो पण बेताचा. उतारा मात्र दोघांतल्या कच्च्याला झेपेल असाच द्या.