मदत हवी आहे: पोर्टफोलिओ एकच ठेवू की तीन करू?

नमस्कार मंडळी. मी प्रॉडक्ट डिझाइन, ग्राफिक्स आणि चित्रं असं तिन्ही करते. मुलाखतीत हमखास विचारतात, "तुमचं नक्की क्षेत्र कोणतं?" माझ्या मते हे सगळं एकच काम आहे. परवा कागदी दिव्याचं मॉडेल केलं. त्यावरची नक्षी माझ्याच लिनोकटची (लिनोलियमवर कोरून घेतलेल्या छापाची), कोरताना निसटलेल्या रेघेसकट. (ती रेघच मला सगळ्यात आवडते.) इसामू नोगुची शिल्पकार होते, तरी १९५१ पासून त्यांनी 'अकारी' नावाचे कागदी दिवे घडवलेच ना?

मग एकाच पीडीएफमध्ये असा प्रवास दाखवू, की नोकरीनुसार वेगळी फाइल पाठवू? कच्ची स्केचेस किती ठेवावीत? निवड करणाऱ्या बाजूला बसलेल्यांनी जरूर सांगा.