आईला घेऊन चार दिवस मुंबई: लोकलनं फिरावं का टॅक्सीनं?

पेठेतली लेक (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

नमस्कार. संक्रांत झाली की आईला आणि माझ्या १३ वर्षांच्या मुलीला घेऊन मुंबईला जायचं ठरवलंय. आम्ही तिघीच. आई ७३ वर्षांची, डावा गुडघा दुखतो. सपाटीला चालते, जिना मात्र एकेक पायरी थांबत चढते.

कशासाठी जातोय तेही सांगते, म्हणजे तुम्हाला नीट सांगता येईल. लग्नानंतर आई लालबागला चाळीत राहत होती. वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, वर्षभर वाट बघितली आणि मग दोघं मला काखेत घेऊन कोल्हापूरला परत आले. त्यानंतर आईनं मुंबई बघितलेली नाही. गेल्या वर्षी वडील गेले. तेव्हापासून ती म्हणते, "एकदा ती जागा बाहेरनं तरी बघून येऊया गं."

गुरुवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघायचं, सोमवारी रात्रीच्या महालक्ष्मीनंच परत. लालबाग, सिद्धिविनायक, गेटवे, घारापुरी एवढंच करायचंय. मावसभाऊ म्हणतो दादरला उतरा, लोकल पकडा, स्वस्तात होईल. आई म्हणते, "लोकलमधनं मी यायची नाही." दोन लॉज बघून ठेवलेत, एक दादर पूर्वेला आणि एक फोर्टात. कुठला घेऊ? टॅक्सीवाले फसवतात का? आणि संध्याकाळी सात-आठनंतर आम्ही तिघींनी बाहेर असणं कितपत बरोबर? महाद्वार रोडच्या गर्दीत मी डोळे मिटून चालेन, पण तिकडं काही झालं तर हाक कुणाला मारायची हेसुद्धा मला माहीत नाही.

परळहून परत (उचगाव)

ताई, १९ वर्षं परळला नोकरी केली. आता गावाकडं असतो. तुमच्या आईंची गोष्ट वाचली आणि लगेच लिहायला बसलो, माझे चुलतेही गिरणीतच होते.

पहिलं म्हणजे दादरला उतरू नका. महालक्ष्मी सकाळी पोचते तीच ऑफिसची वेळ. ८ ते ११ लोकलची गर्दी दक्षिणेकडं, म्हणजे सीएसएमटी आणि चर्चगेटकडं जाते, आणि संध्याकाळी ५ ते साडेआठ उलटी. सकाळच्या त्या वेळी दादरच्या पुलावर दोन पिशव्या आणि गुडघा दुखणारी आई घेऊन उभं राहणं म्हणजे धक्के खाणं. माझं पाकीट त्याच पुलावर गेलं, ते पण मुंबईत ११ वर्षं काढल्यावर. मागच्या खिशात होतं, चूक माझीच. तुम्ही सरळ शेवटपर्यंत सीएसएमटीला जा. गाडी तिथंच संपते, उतरायची घाई नसते. सगळे उतरू देत, मग आईंना उतरवा.

फलाटावरच "टॅक्सी, ताई, टॅक्सी" करत माणसं मागं लागतील. पिशवी हातात देऊ नका. एकानं माझ्या पाहुण्यांना गिरगावचे ६०० रुपये सांगितले होते. स्टेशनच्या बाहेर या, रांगेतली काळी-पिवळी घ्या आणि मीटरनंच जा. २०२५ च्या फेब्रुवारीपासून टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये आहे, रिक्षाचं २६. मीटरवर ३१ दिसले की बसायचं. रात्री १२ ते ५ मध्ये सव्वापट. आपल्याकडं रिक्षा ठरवून घ्यायची सवय असते, तिथं "किती घेणार?" असं विचारलंत की तिथंच फसलात. आणि हो, शहराच्या दक्षिण भागात रिक्षा नाहीतच. वांद्रे आणि सायनच्या अलीकडं त्यांना यायची परवानगी नाही, त्यामुळं रिक्षा शोधत उन्हात उभं राहू नका. आईंना त्या जुन्या पद्मिनी टॅक्सी आठवत असतील. त्या आता नाहीत, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाल्या.

लोकल मुलीला दाखवायची असेल तर दुपारी १२ ते ३ मध्ये, महिलांच्या डब्यातनं. सीएसएमटीलाच चढा, तिथं गाडी रिकामी होते, बसायला मिळतं. लालबागला चिंचपोकळी किंवा करी रोड, दोन्हीकडं धिमी गाडीच थांबते, जलद घेतलीत तर पुढं निघून जाल. पण या दोन्ही स्टेशनांवर पूल चढावाच लागतो. म्हणून मी म्हणेन, लालबागला टॅक्सीच घ्या. रविवारी लोकलचा नाद सोडा, रुळांच्या कामासाठी मेगाब्लॉक असतो.

मुलीला एक नक्की सांगा. लोकलच्या दारात उभं राहून मोबाइल काढायचा नाही. रुळांच्या कडेला उभे राहून हातावर काठी मारणारे असतात, फटका टोळी म्हणतात. मोबाइल तर जातोच, तोल जाऊन माणूसही जातो.

लॉज फोर्टातला घ्या. गेटवे जवळ, परतीची गाडी जवळ.

ठाण्याची वहिनी (माहेर गंगावेस)

वरच्या दादांचं सगळं पटलं, फक्त फोर्टाचं नाही. फोर्ट हा ऑफिसांचा भाग. संध्याकाळी ऑफिसं सुटली की गल्ल्या ओस पडतात, रविवारी तर दिवसाही चिटपाखरू नसतं. चोरी होईलच असं नाही, पण रात्री आईचं पोट बिघडलं आणि औषधाचं दुकान शोधायची वेळ आली तर तुम्ही काय कराल? ताई, तुम्ही गिरगावात बघा. ठाकूरद्वारच्या आसपास मराठी वस्ती, खानावळी आणि रात्री दहालाही रस्त्यावर बायका दिसतात. मी तरी अनोळखी ठिकाणी हेच बघते, रात्री बायका-पोरं बाहेर आहेत का. असतील तर मी निर्धास्त.

दुसरं म्हणजे मेट्रो ३. कफ परेडपासून आरेपर्यंत जवळजवळ पूर्ण जमिनीखालनं जाते, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सगळी सुरू झाली. गिरगाव, सीएसएमटी, सिद्धिविनायक ही तिन्ही स्टेशनं तिच्यावर आहेत. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, आईंना जिना चढायचं कामच नाही. माझ्या सासूबाईंना मी तिनंच नेलं, त्या पंधरा वर्षांनी सिद्धिविनायकाला गेल्या. एकच सांगते, मी गेले तेव्हा खाली मोबाइलला रेंज नव्हती. चुकामूक झाली तर कुठं थांबायचं ते वर असतानाच ठरवा. मंगळवारी मंदिरात फार गर्दी असते, पण तुम्ही सोमवारीच परतताय.

घारापुरी सोमवारी बंद. म्हणजे शनिवारी करा, सकाळी लवकर. गेटवेवरनं बोट जाते. तिथं १२० च्या आसपास पायऱ्या आहेत, डोलीवाले असतात, भाव आधी ठरवा. बोटीत लाइफ जॅकेट देतील ते तिघींनी घालाच, लोक हसले तरी. २०२४ च्या डिसेंबरमध्ये घारापुरीला निघालेल्या बोटीला अपघात होऊन माणसं गेली, तेव्हापासून मी जॅकेट घातल्याशिवाय बसत नाही.

हाक कुणाला मारायची विचारलंत ना? कुठंही ११२. रेल्वेत काही झालं तर १३९, आणि रेल्वे पोलीस १५१२. तिन्ही नंबर मुलीच्या मोबाइलमध्येही घाला, आणि लॉजचा पत्ता कागदावर लिहून आईंच्या कमरेच्या पिशवीत. आणि तिकडच्या बायकांना बिनधास्त विचारा. "मला चिंचपोकळीला उतरायचंय" म्हटलं की डब्यातल्या चार जणी तुम्हाला दारापाशी आणून उभं करतात.

पेठेतली लेक

किती सविस्तर लिहिलंत दोघांनी. गिरगावातला लॉज बघते. लालबागला रविवारी सकाळी जायचं म्हणतोय, टॅक्सीनं, रस्ते मोकळे असतील ना?

रंकाळ्याचा धावपटू

ताई, तारीख बघून घ्या. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. मी पळायला जातो म्हणून माहीत आहे, सीएसएमटीपासून सुरू होते आणि दक्षिण मुंबईतले बरेच रस्ते सकाळभर गाड्यांना बंद असतात. टॅक्सी मिळाली तरी ती अडकून पडेल. संक्रांतीनंतरचा रविवार म्हणजे बहुतेक तोच येतोय.

परळहून परत

बरोबर बोलले. मग लालबाग शुक्रवारी करा. सकाळी लॉजवर जाऊन आईंना दोन तास पडू दे, रात्रभर गाडीत झोप होत नाही. साडेअकराला टॅक्सीनं निघा, तोवर रस्त्यावरची घाई उतरते. मसाला गल्लीच्या तोंडाशी उतरा, मिरच्यांचा वास आला की आई पुढचं स्वतःच दाखवतील. एक मात्र मनाची तयारी करून जा. तिथल्या बऱ्याच चाळी पडून टॉवर झालेत. त्यांची चाळ नसेलच तर गल्ली तरी असेल, आणि जुनी माणसं अजून आहेत. चाळीचं नाव नि खोली नंबर विचारून ठेवा, पत्ता सांगता आला की लोक वर बोलावतात.

पेठेतली लेक

रविवारी आज्जी-नातीनं चौपाटीलाच बसायचं ठरलं. शनिवारी घारापुरी, सोमवारी मेट्रोनं सिद्धिविनायक, मग संध्याकाळची गर्दी व्हायच्या आत, चारलाच सीएसएमटीला जाऊन बसू.

आईला आत्ता स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. चाळीचं नाव, दुसरा मजला, खोली नंबर १७. समोर नळ आणि नळाशेजारी पारिजातक, असं एका दमात सांगितलं. शेजारणीसाठी अर्धा किलो कांदा-लसूण चटणी करायला घेते म्हणाली. शेजारीण अजून तिथं आहे का हे कुणाला माहीत नाही. तरी मिरच्या आणायला मी उद्या जातेय.