पेढीच्या सर्व्हरचा बॅकअप: डेटाबेसबरोबर आणखी काय घ्यायचं?

प्रश्न (गणपती पेठ, सांगली)
घाऊक किराणा पेढीत हिशेब आणि सर्व्हर दोन्ही मीच बघते. बिलिंग उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार), डेटाबेस मायएसक्यूएल ८. रोज रात्री बिलिंगच्या डेटाबेसचा मायएसक्यूएलडम्प (सगळा डेटा एका फाइलमध्ये उतरवलेली प्रत) त्याच मशीनच्या दुसऱ्या डिस्कवर पडतो. २०१९ चा महापूर पेठेनं पाहिलाय आणि पाऊस तोंडावर आलाय. मशीनच गेलं तर एवढ्या डम्पवर सगळं परत उभं राहील का? आणि भरदुपारी कुणाकडून उधारीचं टेबल पुसलं गेलं, तर सकाळची बिलं वाचतील का?

उत्तर १ (मिरज)
डेटा फोल्डरच रोज कॉपी करून ठेवा. सोपं पडतं.

उत्तर २ (विश्रामबाग)
मिरजकर दादा, डेटाबेस चालू असताना नुसतं फोल्डर कॉपी केलं तर अर्धं जुनं, अर्धं नवं हाती लागतं. ती कॉपी बरेचदा सुरूच होत नाही. सेवा बंद करून घेतली तर गोष्ट वेगळी.

ताई, तुमचा डम्पच बरा, पण त्याच्या कमांडमध्ये 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' हा पर्याय हवा, म्हणजे बिलिंग न थांबवता एकाच क्षणाचं चित्र मिळतं. हे फक्त इनोडीबी (मायएसक्यूएलचा आताचा नेहमीचा प्रकार) टेबलांना लागू आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मायआयसॅम या जुन्या प्रकारची टेबलं असतात, तेवढं आधी बघा. 'रूटीन्स' (डेटाबेसमध्ये साठवलेले छोटे प्रोग्रॅम) आणि 'इव्हेंट्स' (डेटाबेसची वेळेवर चालणारी कामं) सांगितल्याशिवाय येत नाहीत, तेही जोडा.

एका डेटाबेसच्या डम्पमध्ये युजर आणि त्यांचे अधिकार नसतात. नव्या मशीनवर सगळा डेटा येतो आणि बिलिंगला लॉगिनच होत नाही. म्हणून प्रत्येक युजरचं 'शो क्रिएट युजर' आणि 'शो ग्रँट्स' या कमांडचं उत्तर फाइलमध्ये काढून ठेवा. सोबत अख्खं इटीसी फोल्डर (सिस्टिमच्या सेटिंगचं), बिलिंगची स्वतःची सेटिंग फाइल आणि क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी). युजरचा क्रॉनटॅब इटीसीत नसतो, तो हमखास राहतो. हे सगळं रूट (मशीनचा मुख्य युजर) म्हणून टार करा, म्हणजे एका फाइलमध्ये बांधा, मालकी आणि परवानग्या टिकतात.

दुपारच्या प्रश्नाला उत्तर बायनरी लॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची क्रमवार नोंद. मायएसक्यूएल ८ मध्ये तो मुळातच चालू असतो आणि ३० दिवस राहतो, कुणी सेटिंग बदललं नसेल तर. डम्प घेताना 'सोर्स-डेटा=२' दिलं की लॉगमधली नेमकी जागा डम्पमध्येच नोंदली जाते. मग दुसऱ्या मशीनवर रात्रीचा डम्प चढवायचा, त्या जागेपासून टेबल पुसण्याच्या जरा आधीपर्यंतचा लॉग चालवायचा, आणि तिथून टेबल परत आणायचं. चालू सर्व्हरवर हा प्रयोग अजिबात नको. लॉगही दिवसातून काही वेळा बाहेर पाठवा, नाहीतर मशीनबरोबर तोही जाईल.

प्रश्नकर्ती
खूप आभार. डम्प जीझिपमधून (फाइल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) जातो, रोज तो चालवणाऱ्या क्रॉनला कधी एरर दिसली नाही. म्हणजे तो ठीक समजू ना?

उत्तर २
नका समजू, ताई. पाइप लावला, म्हणजे डम्प थेट जीझिपकडे सोडला, की कमांड चालवणारं शेल शेवटच्या जीझिपचाच निकाल बघतं. डम्प मध्येच तुटला तरी क्रॉनला सगळं व्यवस्थित वाटतं. स्क्रिप्ट बॅश या शेलमध्ये असेल तर वर 'पाइपफेल' लावा, म्हणजे आधीची कमांड तुटली तरी एरर धरली जाते, आणि फाइलची शेवटची ओळ तपासा. पूर्ण झालेल्या डम्पच्या शेवटी 'डम्प कम्प्लीटेड' असतं.

पण खरी खात्री चढवून बघितल्यावरच. एखादा जुना पीसी घ्या, त्यावर डम्प आणि सेटिंग चढवा, बिलिंग उघडा, कालचं शेवटचं बिल आणि दोन-चार गिऱ्हाइकांची येणी जुळवा. किती वेळ लागला तेही लिहून ठेवा, मालक पहिलं तेच विचारतील. आणि एक कॉपी पेठेबाहेर, उंचावरच्या घरी ठेवा. पासवर्ड लावून, कारण उधारीची सगळी नावं त्यात आहेत. तो पासवर्ड मालकांकडेही असू द्या.