हॅम्लेटचं नेमकं काय झालंय? घालमेल, अनमान की 'मागंपुढं बघणं'

टिळकवाडीकर : पुढच्या आठवड्यात आमच्या वाचनकट्ट्यावर शेक्सपिअरच्या हॅम्लेटवर पंधरा मिनिटं बोलायचंय. बापाचं भूत येऊन सांगतं की आता राजा झालेल्या चुलत्यानंच मला मारलं, सूड घे; आणि हा राजपुत्र थांबतच राहतो. बोलणं मराठीत, पण ऐकणारे निम्मे कन्नड शाळेत शिकलेले. टिपणात मी 'हॅम्लेटचं अंतर्द्वंद्व' असं लिहिलं. आईनं वाचून विचारलं, "म्हणजे त्याला झालंय काय?" मग घालमेल, चलबिचल, द्विधा, संभ्रम सगळं लावून पाहिलं. एकही धड बसेना. जाणकारांनी सुचवावं.

निपाणीकर : अंतर्द्वंद्व चूक नाही, पण तो समीक्षेच्या कपाटातला शब्द आहे. घरात कुणी म्हणत नाही. शिवाय द्वंद्व म्हटलं की दोन तुल्यबळ बाजू हव्यात. इथं दुसरी बाजू कुठाय? भूत खरं बोलतंय की तो सैतानाचा डाव आहे, अशी शंका हॅम्लेटला येते. पण भूत खरं असेल तर सूड घेऊ नये, असं तो कुठं म्हणतो?

अर्जुनाचं तसं नाही. त्याला दोन्हीकडं आपलीच माणसं दिसतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो स्वतःला 'धर्मसंमूढचेताः' म्हणवतो, म्हणजे योग्य काय हेच त्याला कळेनासं झालंय. धर्मसंकट आणि किंकर्तव्यमूढ हे शब्द त्याला शोभतात. आणि त्याला विचारायला सारथी होता. अठराव्या अध्यायात तो 'गतसंदेह' होऊन उभा राहतो. हॅम्लेटच्या रथावर कुणी नाही.

घालमेल पोटातली असते. पोरगं रात्री वेळेत घरी आलं नाही की आईच्या जिवाची होते ती. तिच्यात वाट बघणं आहे, निर्णय नाही. चलबिचल तर सैन्याचीही होते. कुचंबणा मात्र या नाटकात आहे, पण ती त्याच्या प्रेयसीची, ऑफेलियाची. एकीकडं बाप, दुसरीकडं हा, आणि तोंड उघडायची सोय नाही.

टिळकवाडीकर : काका, आगरकरांनी हॅम्लेटच्या रूपांतराला 'विकारविलसित' नाव दिलं. मग विकार हा शब्द घेऊ का?

निपाणीकर : १८८३ चं ते पुस्तक. त्यात हॅम्लेटचा चंद्रसेन झालाय. नाव भारदस्त आहे खरं, पण माझं जरा वेगळं मत आहे. विकार म्हणजे क्रोध, शोक, मनाची उसळी. ती उसळी येते तेव्हा हा गडी थांबतच नाही. आईच्या दालनात पडद्यामागं कोण आहे ते न बघताच भोसकतो, आणि मरतो ऑफेलियाचा बाप, बिचारा पोलोनियस. थांबतो कधी? त्याच्या जरा आधीच चुलता एकटा गुडघे टेकून प्रार्थनेला बसलेला असतो. हॅम्लेट तलवार उपसतो आणि हिशेब घालत बसतो : आत्ता मारला तर हा स्वर्गात जाईल, मग सूड कसला? तलवार परत म्यानात. त्याला अडवतो तो विचार. विकारानं तर काम फत्ते केलं असतं.

खानापूरकर : 'अनमान' कुणी घेतलाच नाही की. 'सांगायला अनमान करू नकोस' म्हणतो ना आपण, तो. यात मनातल्या खळबळीपेक्षा कृती अडल्याला महत्त्व आहे, म्हणून जवळचा. धोका एकच. कन्नडमध्ये 'अनुमान' म्हणजे संशय, आणि मराठीत अनुमान म्हणजे तर्क. तुझे निम्मे श्रोते अनमानाचा संशय करून घेतील. (भुताच्या बाबतीत तेही खरंच ठरेल म्हणा.) 'गोंधळ' नको. कन्नडमध्ये 'गोंदल' म्हणजे मनाचा संभ्रम चालतो, पण आपल्याला त्या शब्दात संबळ ऐकू येतं.

आणि सगळ्याच थांबण्याला कच खाणं म्हणू नका. मी कुस्तीच्या तालमीत वाढलेला माणूस. नाटकात नाटक लावून राजाचा चेहरा न्याहाळणं, ही माझ्या मते खडाखडी. समोरच्याचं बळ आणि खोट जोखल्याशिवाय कुणी पट काढायला जात नाही. चेहरा पडला, खोट कळली, त्यानंतरचं थांबणं मात्र निराळं. शब्द त्याच्यासाठी हवा.

तो शब्द आपल्या तोंडात रोजच असतो : मागंपुढं बघणं. "कशाला मागंपुढं बघायलास, जा की!" कन्नडवालेही 'हिंदे मुंदे नोडु' असंच म्हणतात, अर्थही तोच. तुझ्या कट्ट्यावर समजावून सांगायची गरज नाही.

निपाणीकर : वा! आता गंमत ऐका. चौथ्या अंकात नॉर्वेच्या राजपुत्राचं, फोर्टिनब्रासचं सैन्य जमिनीच्या एका तुकड्यासाठी मरायला निघालेलं पाहून हॅम्लेट स्वतःला दूषणं देतो. तिथं तो म्हणतो की देवानं माणसाला मागं आणि पुढं पाहणारी बुद्धी दिली ती न वापरता कुजवायला नव्हे. अक्षरशः मागंपुढं पाहणं! पण तिथं ते बुद्धीचं कौतुक आहे. लगेच पुढं त्याला प्रश्न पडतो की, आपण परिणामाचा फारच बारकाईनं विचार करतो, म्हणून तर हात उचलत नाही ना? हे भाषण १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्र छापलेल्या ग्रंथात) नाही, आधीच्या दुसऱ्या क्वार्टोत (या एकाच नाटकाच्या सुट्या छापील पुस्तकात) आहे. त्यामुळं कुठली प्रत हाताशी आहे ते बघा.

आपल्या वाक्प्रचारात कौतुक नाही, नुसता ठपका आहे. बहुतेकदा नकारातच येतो, 'मागेपुढे न पाहता'. पण हॅम्लेटला तो शब्दशः लागतो. मागं बघितलं की मेलेला बाप, पुढं बघितलं की जिथून कुणी परत आलं नाही तो मुलूख.

टिळकवाडीकर : आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग पहिल्यांदाच असं लिहायचं की!" आता एकच शंका. टिपणात मागेपुढे लिहू की मागंपुढं?

खानापूरकर : बोलणार आहेस ना? मग मागंपुढं.