समोरासमोर भेटाच

'व्हिडिओ कॉल असताना परिषदेला जायचं कशाला?' असं एकाने विचारलंय, म्हणून लिहिते.

नोव्हेंबर २०११ मध्ये मुंबई विद्यापीठात विकिपीडियाची भारतीय परिषद भरली, तिथे मी गेले होते. मराठी विकिपीडिया २००३ पासूनचा, पण आम्ही लिहिणारे एकमेकांना सदस्यनावानेच ओळखायचो. गळ्यातलं ओळखपत्र वाचून "अहो, ते तुम्हीच का!" असं चाललं होतं. शुद्धलेखनावरून चर्चापानावर ज्यांच्याशी माझी कडाक्याची जुंपली होती, ते काका जेवणाच्या रांगेत म्हणाले, "या, आधी जेवून घ्या." नंतर त्यांनी माझं वाक्य खोडलं तरी राग यायचा नाही, मी सरळ फोन लावायचे. कॉलवर एवढी ओळख होतच नाही. जाणार असाल तर मुक्कामीच जा. गप्पा सत्रं संपल्यावरच रंगतात.